डाव्या सीटवरचा ड्रायव्हर

जानेफळच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मला गाडी चालवता येत होती, म्हणजे माझ्याकडे लायसन्स होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी मला पंधरा दिवस मेहकरच्या गल्ल्यांमधून फिरवलं होतं. त्या पंधरा दिवसांत आम्ही दोघंही तिसऱ्या गिअरच्या वर कधी गेलो नाही. परीक्षेच्या दिवशी मी आठाचा आकडा काढला आणि पास झाले. आठाचा आकडा काढावा लागेल असा रस्ता त्यानंतर आजवर मला भेटलेला नाही. ट्रॅक्टर मात्र पहिल्याच दिवशी भेटला.

मेहकर ते जानेफळ हा नीट चालवलं तर अर्ध्या तासाचा रस्ता. मला सव्वा तास लागायचा, कारण मी कुणाच्याही पुढे जात नसे. समोर जे वाहन येईल ते माझं. सायकल आली तर सायकलीमागे, बैलगाडी आली तर बैलगाडीमागे. सोयाबीनच्या हंगामात कुटाराने, म्हणजे मळणीच्या भुशाने, शिगोशीग भरलेली ट्रॉली पुढे आली की मी तिच्यामागे शाळेपर्यंत जायची. उडणारं कुटार काचेवर, काचेच्या फटीतून आत आणि तिथून माझ्या डोक्यावर. वर्गात शिरले की पहिल्या बाकावरची पोरगी उठून सांगायची, "मॅडम, आजबी केसात कुटार हाय." एक दिवस मुख्याध्यापकांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला आणि फार सभ्यपणे विचारलं, "मॅडम, तुमचा ट्रॅक्टर थोडा लवकर निघू शकत नाही का?"

हे मी घरी हसत हसत सांगितलं. सासूबाई हसल्या. मामाजी हसले नाहीत. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणतात. माझे मामाजी एसटीचे ड्रायव्हर होते. तीस वर्षं बस चालवून एकही अपघात नाही, म्हणून मिळालेला बिल्ला काचेच्या कपाटात आहे. पाहुणा आला की चहाच्या आधी तो बिल्ला बाहेर येतो. अशा माणसाच्या सुनेला ट्रॅक्टरच्या मागे लोंबकळताना अख्खं जानेफळ बघतंय, हे त्यांना फार लागलं.

"रविवारी गाडी काढ," ते म्हणाले. "मी शिकोतो तुले."

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्वतः गाडी चालवायची नाही, असं त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. नवरा नांदुऱ्याला रेल्वेत. शनिवारी येतो, रविवारी संध्याकाळी जातो. त्या रविवारी आम्ही गाडी बाहेर काढली, तेव्हा तो दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "दोघंही सीटबेल्ट लावा." हे तो कुणाच्या काळजीने म्हणाला ते मला पुढच्या दहा मिनिटांत कळलं.

तीस वर्षं माणूस उंचावर बसलेला. हातात परातीएवढं स्टेअरिंग, खाली सगळं जग लहान लहान. आता तोच माणूस आमच्या जुन्या छोट्या गाडीत डाव्या सीटवर, रस्ता नाकासमोर आणि स्टेअरिंग सुनेच्या हातात. पैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी चार वेळा पाय दाबला. डाव्या बाजूला ब्रेक नसतो हे त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या पायाला माहीत नव्हतं. समोरून बस आली की ते दरवाजाच्या वरचं कडं धरायचे आणि मला सांगायचे, "भेऊ नोको."

मेहकर सोडल्यावर नेहमीप्रमाणे ट्रॉली भेटली. मी नेहमीप्रमाणे तिच्यामागे लागले.

"इतकी बुडाले चिकटून काऊन चालून राह्यली?" मामाजी म्हणाले. "चिकटलं का समोरचं काई दिसत नाई. मांगं सर."

"मामाजी, पुढे जायचंय ना आपल्याला?"

"म्हनूनच म्हनतो, मांगं सर."

मी मागे सरले, आणि खरोखरच ट्रॉलीच्या पलीकडचा रस्ता दिसायला लागला. लांबवर एक मोटारसायकल, त्यामागे मोकळा रस्ता. इतके दिवस मी ज्याला रस्ता समजत होते ते ट्रॉलीचं फळकूट होतं.

"आता आयक," मामाजींनी बस सुटायच्या आधीचा आवाज लावला. "आधी समोर पाह्य. मंग आरशात पाह्य. तुह्या मांगचा कोनी निंघाला अशीन त त्याले आधी जाऊ दे. मंग बत्ती, मंग हॉर्न. गिअर एक खाली घे अन् निंघ. एकदा निंघाली का अर्ध्यात इचार करत बसू नोको. इचार जो करायचा थो आधी."

"आणि परत डावीकडे कधी यायचं?"

"आतल्या आरशात त्याचं पुरं तोंड दिसलं का. दोन्ही लाइट दिसले पायजेत. एकच दिसला त तू अजून त्याच्या अंगावरच हायेस."

मी तयारी केली. समोर पाहिलं, आरशात पाहिलं, बत्ती दिली, हॉर्न दिला. तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याने उजवी बत्ती लावली.

"जा म्हणतोय," मी आनंदाने म्हणाले. ट्रकवाले असंच करतात हे मला माहीत होतं.

"थांब!" मामाजींचा पाय खाली आपटला. "थो जाय म्हनते का मी वयतो म्हनते, त्याच्या मनातलं तुले कसं मालूम?"

मी थांबले. ट्रॅक्टर आता उजवीकडे वळेल म्हणून आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. एक फाटा गेला, दुसरा गेला. देऊळ गेलं, शाळेची पाटी गेली. बत्ती लुकलुकतच होती. शेवटी सरळ, मोकळा रस्ता आला, फाटा नाही, पूल नाही, चढ नाही, तेव्हा मामाजी म्हणाले, "आता निंघ." मी निघाले. बाजूने जाताना पाहिलं, तर ट्रॅक्टरवाला कानात वायर घालून डोळे किलकिले करून गाणं म्हणत होता. त्याने ती बत्ती आमच्यासाठी लावलीच नव्हती. बहुधा सकाळपासून तशीच होती.

आरशात दोन्ही लाइट दिसले. मी डावीकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामागे कुणीतरी होतं. मला एवढा आनंद झाला की मी विचारलं, "झालं ना बरोबर?"

"झालं," मामाजी म्हणाले. "आता डोये समोर ठेव. आरशात त्याले पाहत बसू नोको, थो काई पावना नोय."

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका ट्रॅक्टरने कुठलीही बत्ती न लावता, हात न दाखवता, एकदम उजवीकडच्या वावरात उडी घेतली. मी त्या वेळी ओव्हरटेकला निघणारच होते, पण मामाजींनी मला आधीच थांबवलं होतं. "तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं. डांबरावर काळ्या मातीचे दोन पट्टे होते, वावरातून चाकांनी आणलेले. "जिथं माती रस्त्यावर येते, तिथं ट्रॅक्टर वावरात जाते. बत्तीवर भरोसा नोको, मातीवर ठेव. अन् त्या मातीवर पानी पडलं का ब्रेक दाबजो नोको, साबन होते तिची."

असं महिनाभर चाललं. सायकल, बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक, सगळ्यांत मी पास होत गेले. शाळेत वेळेवर पोचू लागले. केस स्वच्छ. मुख्याध्यापकांनी हजेरीपटाकडे बघणं सोडलं. मग एका रविवारी आमच्यापुढे एसटी आली.

रस्ता सरळ होता. समोर कुणी नव्हतं. बस रमतगमत चालली होती. मी मागे सरले, पाहिलं, बत्ती दिली.

"काय करून राह्यली?" मामाजी म्हणाले.

"ओव्हरटेक."

"एसटीले?"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी बत्ती बंद केली. आम्ही बसच्या मागे मागे चाललो. ती थांबली की आम्ही थांबायचो. माणसं उतरायची, पिशव्या उतरायच्या, एक कोंबडी उतरली. मी तिसऱ्या थांब्यानंतर म्हणाले, "मामाजी, तुम्हीच म्हणता ना, थांब्यावरच्या बसमागे चिकटू नये? आणि थांबलेल्या बसच्या पुढूनही कुणी एकदम रस्त्यात येतं म्हणून हळू जावं?"

"म्हनतो."

"मग किती वेळ?"

त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाले, "जाय. पन हॉर्न अदबीनं वाजव."

मी अदबीने हॉर्न वाजवला. बसच्या ड्रायव्हरने आरशात पाहिलं, हात बाहेर काढून पुढे जा अशी खूण केली. आम्ही त्याच्या बाजूला आलो तेव्हा मामाजींनी खिडकीतून मान काढून वर बघितलं. ड्रायव्हरने त्यांना ओळखलं. "जयभीम, काका!" तो वरून ओरडला. "सूनबाई चालवून राह्यल्या का? पक्क्या झाल्या!"

"जयभीम!" मामाजींनी हात वर केला, आणि बस मागे पडेपर्यंत तो खाली आणलाच नाही. घरी आल्यावर त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, "एसटीनं आपल्याले साइड देली." ओव्हरटेक हा शब्द त्यांनी वापरला नाही.

ओव्हरटेक झालं, आता घसरण राहिली होती. गाडी घसरली तर काय करायचं हे रस्त्यावर शिकवता येत नाही, म्हणून मामाजींनी ते अंगणात शिकवायचं ठरवलं. आत्याबाईंनी नुकतीच अंगणातली फरशी धुतली होती. मामाजी रबरी चपला घालून ओल्या फरशीवर उभे राहिले.

"हे मी गाडी," ते म्हणाले. "मायं तोंड हे समोरचं, अन् मांगचं हे मांगचं. मांगचं डाव्या अंगाले गेलं त स्टेअरिंग कुकडं?"

"उजवीकडे?"

"पलटी! डाव्या अंगाले. मांगचं जिकडं जाईन, तिकडंच वयवाचं. जरासंच. अन् गाडी सुदी व्हाले लागली का स्टेअरिंगबी सुदं कर, नाई त दुसऱ्या अंगाले फेकते. अॅक्सिलेटर सोड. अन् ब्रेक? ब्रेक दाबाचाच नाई. चाक जाम झालं का मंग स्टेअरिंग कुकडंबी फिरव, गाडी आयकत नाई. अन् डोये जिथं जायाचं तिथं ठेव. झाडाकडं पाह्यलं त झाडावरच जाशीन. आता पाह्य." ते दोन पावलं पळाले आणि तिसऱ्या पावलाला थांबायला गेले. चपला पुढे गेल्या, मामाजी मागे राहिले आणि तुळशीच्या शेजारी बसते झाले.

मी धावले. आत्याबाई स्वयंपाकघरातून धावल्या. मामाजींनी बसल्या बसल्या एक बोट वर केलं.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "ब्रेक मारला म्हनून पडलो."

"ब्रेक गेला चुलीत," आत्याबाई म्हणाल्या. "मोडलं असतं ना खुब्याचं हाड!" त्यानंतर दोन दिवस मामाजी उशीवर बसले, पण धडा पूर्ण झाला होता.

दिवाळीच्या आधी आम्ही साखरखेर्ड्याला निघालो. तिथे माझ्या नणंदेने नवं घर बांधलं होतं. सकाळची वेळ, कोरडा रस्ता. मी गाडी चालवत होते, मामाजी डावीकडे. आत्याबाई मागे, मांडीवर वांग्याच्या भाजीचा मोठा डबा घेऊन. लेकीच्या घरी रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, होणार होते, पण वांग्याची भाजी लेकीला जमत नाही असं आत्याबाईंचं ठाम मत होतं. डब्याचं झाकण घट्ट बसत नव्हतं, म्हणून त्या दोन्ही हातांनी ते दाबून बसल्या होत्या.

एक वळण आलं. वळणावर मी वेग कमी केला होता, तरी चाळीसच्या आसपास असेन. वळण संपलं आणि समोर रस्त्याचा डावा अर्धा भाग पिवळा दिसला. सोयाबीन. कुणीतरी वाळत घालायला नुकतंच पसरलं होतं, अजून भोवती दगडसुद्धा लावले नव्हते. उजव्या बाजूने एक दूधवाला मोटारसायकलवर कॅन लटकावून येत होता. उजवीकडे जायला जागा नव्हती.

माझा पाय ब्रेकवर गेला. जरासाच गेला, पण तेवढंच पुरलं. गोल गोल दाणे चाकांखाली आले, गाडीचं मागचं अंग डावीकडे सरकलं आणि गाडीचं तोंड सरळ दूधवाल्याकडे वळलं.

"ब्रेक!" मामाजी ओरडले. "ब्रेक मार! ब्रेक!" आणि स्वतःचा पाय त्यांनी इतक्या जोरात दाबला की पायाखालचं मॅट गोळा झालं.

मला अजून आठवतं, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. राग आला. महिनाभर हा माणूस सांगतोय ब्रेक नाही, ब्रेक नाही, तुळशीजवळ पडून दाखवतोय, आणि आता? मी ब्रेकवरचा पाय उचलला. अॅक्सिलेटरवर ठेवला नाही. मागचं डावीकडे गेलं होतं, म्हणून स्टेअरिंग डावीकडे घेतलं, थोडंसंच. डाव्या कडेला एक मोठा निंब होता, त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. निंबाच्या बाजूने रस्ता सरळ पुढे जात होता, तिथेच डोळे ठेवले. गाडी हळूहळू सरळ व्हायला लागली. मीही स्टेअरिंग सरळ केलं. मागचं अंग एकदा उजवीकडे डुललं, मग शांत झालं. दाणे संपले, डांबर आलं, चाकांनी पकड घेतली. मग मी हळूच ब्रेक दाबला आणि निंबाच्या बरंच पुढे कडेला थांबले.

मग मामाजींनी मानेला हात लावला. हात समोर आणून पाहिला. हात लाल होता.

"रक्त," ते म्हणाले, अगदी बारीक आवाजात.

मी वळून पाहिलं. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर लालभडक झाली होती, पाठीवरून ओघळ चालले होते. तेवढ्यात मागून सोयाबीनवाली बाई हातात खराटा घेऊन शिव्या देत पळत आली, "डोये फुटले का बे तुमचे, मायं सोयाबीन..." आणि खिडकीतून आत पाहताच किंचाळली, "अवो माय! म्हातारा मेला!"

"मेला नाई," मागून आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात डबा होता आणि झाकण खाली पडलेलं होतं. "भाजी हाय थे. तर्री सांडली."

मामाजींनी बोट चाटून पाहिलं.

दूधवाला गाडी वळवून आला. तो सुखरूप होता, कॅनही सुखरूप होते. त्याने रस्त्यावरच्या दाण्यांतला आमच्या चाकांचा वाकडा माग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "बाईनं गाडी मस्त काढली," तो म्हणाला. "मी त समजलो, गेलो आज."

सोयाबीनवाल्या बाईचा राग परत आला, कारण आता कुणी मेलेलं नव्हतं. "रस्ता गाड्याइसाठी असते, सोयाबीनसाठी नाई," मामाजींनी तिला सुनावलं. "मंग कुठं वायवू?" ती म्हणाली. "वावर ओलं, आंगन वीतभर. तुमच्या घरी आनू का वायवाले?" मामाजींनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तिच्या हातातला खराटा घेतला.

पाऊण तास आम्ही तिथे होतो. मामाजींनी पसरलेले दाणे झाडून परत गोळा केले. मी आणि ती बाई दगड रचत गेलो. मग मामाजी वळणाच्या अलीकडे चालत गेले, पावलं मोजत, आणि तिथे बाभळीची एक मोठी फांदी आणून रस्त्याच्या कडेला रोवली. तिच्यावर बाईच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा बांधला. "वयनाच्या आधी दिसलं पायजे," त्यांनी तिला बजावलं. "वयनाच्या नंतर दिसून काय फायदा? अन् उद्या वयन सोडून सरळ रस्त्यावर घाल." बाईने मान डोलावली. आत्याबाईंनी उरलेल्या भाजीतली वाटीभर तिला दिली. तिने चाखून विचारलं, तिखटात काय घातलं. मग त्या दोघींचं ते पाच मिनिटं चाललं.

साखरखेर्डं जवळ आलं तेव्हा मामाजी म्हणाले, "मी ब्रेक मार म्हनलो."

"हो."

"तू आयकलं नाई."

"नाही, मामाजी."

त्यांनी गोळा झालेलं मॅट पायाने सरळ केलं. "बरं केलं," ते म्हणाले. मला वाटतं, बिल्ला मिळाला त्या दिवशी त्यांना जसं वाटलं असेल तसं मला वाटलं. पण मी आरशात पाहून रडले वगैरे नाही, कारण पुढे चौक होता.

नणंदेच्या घरी पाहुणे जमले होते. हातपाय धुऊन, जावयाचा शर्ट घालून मामाजी ओसरीवर बसले आणि सगळ्यांना हकिकत सांगू लागले. सोयाबीनचा थर वीतभर झाला होता. दूधवाल्याची मोटारसायकल ट्रक झाली होती. माझं मात्र त्यांनी भरभरून कौतुक केलं, त्यात काही कमी केलं नाही. "पोरीचा हात बम शांत," ते म्हणाले. "मी बाजूले बसून सांगत होतो ना तिले, ब्रेक नोको, ब्रेक नोको, स्टेअरिंग डाव्या अंगाले घे..."

सासऱ्यांना चारचौघांत कोण खोटं पाडणार? पाण्याचे पेले घेऊन आत निघाले, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"काऊन लबाडी सांगता?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात रोडग्याचं पीठ होतं. "ब्रेक मार, ब्रेक मार म्हनून बोंबलत होते. मी काय बहिरी हाओ का?"

ओसरी हसली. मामाजीही हसले, पण जरा उशिरा. मग विषय बदलायला त्यांनी पाहुण्यांकडे वळून विचारलं की साखरखेर्ड्याला एसटी आता किती वाजता येते.